मास्तरांचा आवाज

कामाच्या खोलीत कुणी बसलेलं ताईंना खपत नसे. बंद पडलेल्या डिस्कांमधून माहिती काढायची म्हणजे डोकं शांत हवं. पण आज मास्तर आणि काकू सकाळपासून दाराजवळच्या बाकावर ठाण मांडून होते, आणि त्यांना उठवायला ताईंची जीभ रेटत नव्हती.

मास्तरांच्या घशात कॅन्सर निघाला होता. स्वरयंत्र काढावंच लागणार होतं, म्हणून दवाखान्याने आधी त्यांच्याकडून ढीगभर वाक्यं वाचून घेतली. त्यावरून मशीन पुढे त्यांच्याच आवाजात बोलणार होतं. ऑपरेशन झालं, आवाज गेला, आणि पाठोपाठ रेकॉर्डिंग ठेवलेली चार डिस्कांची पेटीही बंद पडली.

अशा पेटीत एक डिस्क गेली, तर उरलेल्या तिघी तिची उणीव भरून काढतात. इथे एक कधीचीच मेली होती. बिघाड झाल्याचं सांगणारी पिपाणी कटकट नको म्हणून कुणीतरी बंद करून टाकलेली. आता दुसरीनेही मान टाकली होती. दोन गेल्या की उरलेल्या दोघींना ती उणीव भरता येत नाही, म्हणून सगळी भिस्त या दुसरीवरच.

ताईंनी तिची कॉपी लावली. पडद्यावरचा आकडा मुंगीच्या पावलाने सरकत होता. मास्तर उठत, पडद्यापाशी येत, गळ्यावरच्या रुमालाशी चाळा करत परत जात. काकू सारखं झालं का म्हणून विचारत. ताईंनी चहा केला आणि तो प्यायचाच राहिला.

एवढ्यात डिस्क टकटकू लागली. ताईंनी झटकन वीज तोडली.

मास्तरांनी पाटीवर लिहिलं, ‘गेली?’

“वाचणारं टोक खराब झालंय. तसंच रेटलं तर सगळं खरवडून निघेल. टोक बदलून बघता येईल, पण त्यातही बिघडू शकतं. तुम्ही सांगाल तसं.”

मास्तरांनी काकूंकडे पाहिलं.

“मला नका विचारू,” काकू म्हणाल्या. “आवाज तुमचा.”

मास्तरांनी ‘बदला’ लिहिलं, पुसलं, परत लिहिलं.

ताईंनी त्याच बनावटीची जुनी डिस्क शोधली आणि धूळ जाऊ नये म्हणून काचेच्या बंद कपाटात हात घालून, श्वास रोखून तिचं टोक हिला बसवलं. कॉपी झाली, पण मध्ये मध्ये भगदाडं. पहिली फाइल लावली तर नुसती खरखर. दुसरीतही तेच. तिसरीतून एक त्रासलेला पुरुषी आवाज आला, “परत? अहो, आत्ताच तर वाचलं हे वाक्य.”

मास्तर जागच्या जागी थिजले. मग पाटीवर उमटलं, ‘मी इतका किरकिरा बोलायचो?’

“लग्नापासून,” काकू म्हणाल्या आणि त्यांनी तोंड फिरवलं.

निम्म्याहून जास्त फाइली धड निघाल्या. दवाखान्याने फोनवर सांगितलं, की यात भागेल, आवाज जरा खडबडीत होईल इतकंच. काकूंनी लेकीला फोन लावला आणि तो स्पीकरपुढे धरला. ताईंनी तीच तिसरी फाइल पुन्हा लावली.

“बाबा,” पलीकडून लेक हळूच म्हणाली, “कुणावर चिडलात आता?”

मास्तरांनी सवयीने तोंड उघडलं, मिटलं, आणि ताईंना खूण केली, की पुढची लावा.