नायलॉनचा माल

धानोऱ्याला मोबाईलचा टावर उभा राहिला आणि सुगंधाबाईच्या भंगार दुकानाचं नशीब पालटलं. त्याआधी तिच्यासाठी भंगार गोळा करणारी बुधरी आणि तिचा नवरा मंगरू ठेला ढकलत, ओरडत गल्लोगल्ली फिरायचे. त्यांच्या हाती लागायच्या आधीच निम्मं प्लास्टिक बसस्टँडमागच्या नाल्यात गेलेलं असायचं. सुगंधाबाईनं एक जुना मोबाईल दोरीनं बुधरीच्या गळ्यात अडकवला आणि त्याचा नंबर दुकानांच्या भिंतींवर रंगवून घेतला. खोके, बाटल्या, पत्रे साठले की नुसता मिसकॉल द्यायचा, बुधरी ठेला घेऊन दारात हजर. बुधरीला अक्षरओळख नव्हती. पण हिरवं बटण दाबलं की पलीकडचा माणूस बोलतो, एवढं तिला पुरेसं होतं. वर्षभरात नाल्याचं पाणी दिसायला लागलं आणि चहाच्या टपरीवाल्यापासून सोसायटीच्या बाबूपर्यंत सगळे तिला नावानं ओळखायला लागले.

ऐन उन्हाळ्यात एका सकाळी अनोळखी मिसकॉल आला. तिनं बटण दाबलं. बोलणारा सुरेंद्र होता, गावाबाहेरच्या एका संस्थेच्या गोदामाचा राखणदार. संस्था इथलं काम गुंडाळून चालली होती आणि घरमालकाला जागा रिकामी हवी होती. नायलॉनचा माल पुष्कळ आहे, येऊन घेऊन जा, असं त्यानं सांगितलं.

दोघं पोचली तेव्हा सुरेंद्रनं कुलूप काढून ठेवलं होतं. आत तोंडं शिवलेली पोती छतापर्यंत रचलेली. माल पाहिल्याशिवाय उचलायचा नाही, ही सुगंधाबाईची शिस्त, म्हणून मंगरू बाहेर दोर सोडवत असताना बुधरीनं एका पोत्याची शिवण विळ्यानं उसवली. आत प्लास्टिकच्या कोऱ्या पिशव्या आणि पिशवीत निळी जाळी. तिला आधी वाटलं, ढिवरांची मासे धरायची जाळी असावी. इतकी नवी जाळी कोण टाकून देतं, म्हणून तिनं एक उलगडली. चारही कोपऱ्यांना टांगायचे बंद होते.

मच्छरदाणी.

तिनं दुसरं पोतं उसवलं, मग तिसरं. सगळीकडे तेच. आपण काहीतरी चुकीचं पाहतोय असं वाटून तिनं डोळे पदरानं पुसले आणि पुन्हा पाहिलं.

दोन वर्षांपूर्वी आषाढात तिच्या गावात कुठल्याशा संस्थेची जीप आली होती. घराघरांतली माणसं मोजली, घरटी मच्छरदाणी मिळेल म्हणून सांगितलं. भादवा आला तरी काही आलं नाही. विचारायला गेलेल्यांना उत्तर मिळालं, माल वरूनच आला नाही. गावानं ते खरं मानलं. वरून न येणाऱ्या गोष्टींची गावाला सवय होती. त्याच भादव्यात तिच्या लेकीला, रंजीताला, हिवताप झाला. ताप डोक्यात चढला आणि खाटेवर घालून दवाखान्यात नेताना, जंगलातल्या वाटेवरच पोरगी गेली. खाटेचं एक टोक मंगरूच्या खांद्यावर होतं. त्यानंतरच दोघं गाव सोडून धानोऱ्याला आली.

"भाऊ, ह्या कवाच्या होत?" बुधरीनं विचारलं.

"दोन पावसाळे झाले," सुरेंद्र म्हणाला. "खेड्यांत वाटाच्या होत्या. गाडीले डिझलच नाई भेटलं, मंग साहेब बदलून गेले. आता जाळीवरची दवाई बी उतरली असन. तुकडे कराले कटाईले देऊन टाक."

तो वाईट माणूस नव्हता. भिजून गेलेल्या धानाबद्दल बोलावं तसं सहज बोलत होता.

"आमच्या गावाले सांगतलं, माल आलाच नाई."

त्यानं गाव विचारलं, तिनं सांगितलं. मग पोरगी गेल्याचंही सांगितलं. सुरेंद्र चावी हातात फिरवत होता, तो थांबला. मान खाली घालून तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

बुधरीनं मंगरूला आत बोलावून गोंडीत सगळं सांगितलं. त्याला ते पटकन उमगेना. आपल्या गावच्या? त्याच? असं तो दोनदा विचारत राहिला. मग त्यानं छतापर्यंत नजर नेली, एका पोत्याला हात लावला आणि होता तिथंच जमिनीवर बसला. बुधरीला वाटलं होतं तो ओरडेल, सुरेंद्रच्या अंगावर जाईल. पण तो बसल्या जागी पोत्याची उसवलेली शिवण बोटांनी चाचपत राहिला.

तिनं गळ्यातला मोबाईल घेतला आणि सुगंधाबाईला लावला.

"बाई, हा माल मी कटाईले नाई देत. तुमी इथी या."

सुगंधाबाईचा जन्म भंगारात गेला होता. कोरी पुस्तकं, न उघडलेली शिलाई मशीन, काय काय तिच्या काट्यावर येऊन गेलं होतं. तरी उसवलेलं प्रत्येक पोतं तिनं हात घालून पाहिलं. थोड्या वेळानं तिनं सुरेंद्रला सांगितलं की माल आपला झाला, आणि तिघांनी मिळून दिवसभर ठेल्याच्या खेपा केल्या. ठेला ढकलायला सुरेंद्रही न सांगता आला.

मिसकॉल देणाऱ्या सगळ्यांना आता उलटे फोन गेले. किराणावाला, न्हावी, टपरीवाला, ज्याच्या त्याच्या दुकानी ज्या गावचे लोक येतात त्या गावांना मच्छरदाण्या न्यायला या असा निरोप द्यायचा होता. दवाखान्याच्या नर्सबाईनं जाळ्या पाहिल्या आणि म्हणाली, पुन्हा दवाईत बुडवल्या की चालतात, दरवर्षी तसंच करतात. दवाई उतरली म्हणून फेकायची गरज कधीच नव्हती, हे ऐकून मंगरू तिथून उठून गेला.

बाजाराच्या दिवशी भंगाराच्या आवारात ड्रम मांडले. भिजवलेल्या मच्छरदाण्या पत्र्यांवर, मोडक्या सायकलींवर, कुंपणावर वाळत पडल्या. आयाबाया रांगेनं आल्या. बुधरी एकेकीच्या हातावर घडी ठेवत होती. कोणी हसून काही बोललं तरी तिला ते ऐकू येत नव्हतं.

पुढं वर्तमानपत्रात दोन ओळी आल्या. संस्थेची पाटी रातोरात निघाली, सुरेंद्र आरमोरीकडे आपल्या गावी गेला. ते साहेब कोण होते, कुठं बदलून गेले, याचा पत्ता लागला नाही.

मच्छरदाण्या संपल्यावरही मोबाईल वाजत राहिला. एक फोन तिच्याच गावचा होता. खाटेचं दुसरं टोक ज्यानं धरलं होतं तो दसरू, तालुक्याच्या रस्त्यावरच्या नाणं टाकायच्या डब्बा फोनवरून बोलत होता. मच्छरदाण्या आल्या म्हणतात, कवा आल्या, असं त्यानं विचारलं.

बुधरीनं मोबाईल दोन्ही हातांनी धरला.

"आल्या नाई, दसरूभाऊ," ती म्हणाली. "इथीच होत्या."

दसरूनं फोन ठेवला नाही. तिनंही नाही. नाणं संपून लाईन आपोआप तुटेपर्यंत दोघं तशीच उभी राहिली.