हवालदाराची कुत्रेभरती

या, असे पुढं सरकून बसा. खांबाला टेकायचं त्यांनी टेकावं, पण डोळे मिटू नयेत. आज पूर्वरंग नाही, थेट आख्यान. त्यात राक्षस नाही की राजा नाही. एक पोर आहे, एक हवालदार आहे आणि कुत्री आहेत चार. चौथ्याला कान दीडच, पण गोष्ट त्याचीच.

साल सेहेचाळीस. लढाई संपली आणि केरबा हवालदार इटलीहून वाळव्याकडच्या आपल्या गावी परतला. डाव्या हाताची दोन बोटं तिकडंच राहिली, बाकी माणूस धडधाकट. येण्याआधी त्यानं लेकीला पत्रातून कबूल केलं होतं, "आलो की तुला कुत्रं आणतो." लेक विजयमाला, घरची विजू, नऊ वर्षांची. तिला जन्मापासून दमा. बाकीच्या पोरी झिम्मा खेळत, ही उंबऱ्यावर बसून त्यांच्या वहाणा राखायची. आपल्यासोबत बसून राहील असं कुणीतरी हक्काचं हवं, एवढंच तिचं मागणं.

सांगलीच्या डॉक्टरांनी मान हलवली. म्हणाले, "मी तर घेऊ नका म्हणेन. घ्यायचंच असेल तर आधी पोरीला त्याच्याजवळ बसवून बघा, एकदा नव्हे, चारदा. श्वास लागला की कुत्रं परत. आणि नाही लागला तरी त्याचा मुक्काम अंगणात, अंथरुणात नाही."

'बसवून बघा' म्हणताच केरबाच्या डोळ्यांपुढं पलटणीची भरती उभी राहिली. घरी येताच त्यानं अंगणात चुन्यानं रेघ मारली, शिंप्याकडून टेप आणली आणि गावभर सांगितलं, "कुत्री घेऊन या. छाती मापून घेनार."

विजू मात्र त्या रेघेकडं फिरकलीच नाही. कारण तिची निवड कधीच झाली होती.

नाथाजीबुवा चातुर्मासापुरते गावच्या विठ्ठलमंदिरात कीर्तनाला राहिले होते. त्यांच्यामागं गावोगाव फिरणारं एक पांढरं कुत्रं होतं. कपाळावर नेमका काळा ठिपका, म्हणून नाव बुक्क्या. आषाढापासून विजू रोज कीर्तनाला त्याच्याशेजारी बसायची. एकदाही धाप लागली नव्हती. बुवांचे गुडघे गेलेले, ते म्हणायचेच, "विजे, ह्याला आता घर बघाय पायजे." पण केरबानं ते कुत्रं बघून आधीच नाक मुरडलं होतं, "दीड कानाचं ध्यान हवालदाराच्या दारात? गाव हसंल!"

मग विजूनं ठरवलं, बाकीची सगळी नापास करायची.

पहिला आला नानासो पाटलांचा वाघ्या. लांब पाय, बारीक कंबर. केरबानं तीन बोटांत टेप धरून छाती मापली आणि खूश होऊन पोरीला शेजारी बसवलं. विजूनं खांदे वर ओढले, डोळे मोठे केले आणि ओठांतून बारीक शिटी काढली. "अनफिट!" केरबा ओरडला.

दुसऱ्या दिवशी सांगलीहून रामगोंडा टोपलीत पिल्लू घेऊन आला. विजूनं परत तोच प्रयोग केला. रामगोंडा चक्रावला. "आवं हवालदार, ह्यानं अजून डोळं बी नीट उघडलं न्हाईत. ह्यो कुटनं दमा द्यायला?"

"अनफिट!"

तिसरा होता झिपऱ्या. पाचगणीचा कुणी गोरा साहेब विलायतेला जाताना मागं सोडून गेलेला, नुसता केसांचा गठ्ठा. विजू शेजारी बसली, शिटीसाठी ओठ जुळवले आणि शिटी आपोआपच आली. छातीतून. मग मात्र तिला नाटक सुचेना. बनुबाई, तिची आई, चुलीपासून धावत आली. पोरीला पुढं वाकवून बसवलं, पाठ चोळली, कोमट पाणी घोटघोट पाजलं. दोन दिवस विजूला सबंध वाक्य बोलता आलं नाही.

केरबाचा चेहरा पांढरा पडला होता. त्यानं चुन्याची रेघ पायानं पुसली. "संपलं. ह्या घरात कुत्र्याचं नाव काढायचं न्हाई. आन देवळात बी जायचं न्हाई, थितं बी कुत्रं हाय."

झालं! बुक्क्या गेला आणि कीर्तनही गेलं. विजू गोधडीत तोंड खुपसून रडली.

बनुबाई जवळ बसली. "विजे, पयल्या दोगांची शिटी तोंडात वाजत हुती. तिसऱ्याची छातीत. नऊ वरसं आयकतीया मी, मला फरक कळत न्हाई व्हय?"

विजूनं सगळं कबूल केलं.

"आता बाला सांगू?" तिनं विचारलं.

"सांगून पटायचं न्हाई त्यास्नी. दावू."

कार्तिकात सप्ताहाची समाप्ती आली. सकाळी काल्याचं कीर्तन. बनुबाई नवऱ्याला म्हणाली, "काल्याला अख्खं गाव जातंय. हवालदारच न्हाई आला तर बरं दिसंल?" तिघं गेली. विजू बायकांत पुढं बसली. बुवांनी टाळ उचलले आणि बुक्क्या खांबामागून आला, सरळ तिच्या मांडीवर डोकं ठेवून पसरला.

केरबा ताडकन उठायला गेला. शेजारच्या आप्पासोंनी धोतर धरलं, "खाली बसा! कीर्तनातनं मधीच उठत्यात व्हय?" बिचारा बसला. खिशातलं पलटणीचं घड्याळ काढून पोरीच्या छातीकडं बघत राहिला. पाव तास. अर्धा तास. बुवा महाखट. त्यांनी ते घड्याळ पाहिलं आणि गजर विजूच्याच गळ्यात टाकला, "म्हन बाळ!" विजूनं एका दमात "विठोबा रखुमाई" असं लांबवलं की टाळकरी मागं राहिले. शेवटच्या सुराला बुक्क्यानंही मान वर करून साथ दिली. मंडप हसून लोटपोट.

हंडी फुटली. विजूनं बापाजवळ येऊन पहिल्या दोन शिट्यांचं खरं सांगून टाकलं. बुवांनी केरबाच्या हातावर काला ठेवला.

"बुवा, ह्या पोरीनं मला फसवलं!"

"हवालदार, तुमी कुत्र्यांची छाती मापली, पोरीनं तुमची. आता पास व्हा की."

"पर त्याला कान दीडच हाय."

बुवा त्याच्या हाताकडं बघत हळूच म्हणाले, "आन ह्या हातावर बोटं तीनच. बनुबाईनं मापून घेतलं व्हय घरात?"

 त्याच तीन बोटांनी केरबानं आपल्या वाटचा काला बुक्क्यापुढं धरला.

तरी डॉक्टरांचं त्यानं शब्दशः पाळलं. चार वेळा बसवून पाहिलं, महिनाभर वहीत नोंद ठेवली, बुक्क्याचं पोतं गोठ्याबाहेर टाकलं. दमा काही पळाला नाही. थंडीत यायचा तसा येई. पण उंबऱ्यावर आता दोघं बसत. राखणीच्या नावानं मात्र आनंद! उसात कोल्हे ओरडले की बुक्क्या त्यांना हाकलायच्या ऐवजी गजर समजून सूर मिसळी.

पुढच्या आषाढात बुवा आले नाहीत. वाईला कृष्णेच्या घाटावर त्यांनी देह ठेवल्याचं कळलं, त्या दिवशी केरबानं स्वतः भाकरी कुस्करून बुक्क्याला चारली.

तर मंडळी, कुठं गजर रंगात असताना एखादं कुत्रं मधेच सूर लावील. त्याला दगड उचलू नका. घटकाभर नाथाजीबुवांची आठवण काढा, एवढंच मागणं.