दह्याचं मडकं आणि जुना शॉकअप

मित्रांनो, गाडीत बसण्याआधी तुम्ही कधी खाली वाकून मागच्या चाकाकडे पाहिलंय? नसेलच पाहिलं. सगळे काच पुसतात, आरशात पाहून भांग पाडतात, हॉर्न वाजवून बघतात. चाकाच्या आत चिखलानं माखलेलं एक काळं नळकांडं उभं असतं, त्याची कुणी साधी विचारपूसही करत नाही. ते नळकांडं म्हणजे मी. मी एक जुना शॉकअप आहे. चाक खड्ड्यात आपटलं की गाडी उसळायला बघते. ती उसळी पोटातल्या तेलात जिरवायची आणि वर बसलेल्यांना कळूही द्यायची नाही, हे माझं काम.

माझा जन्म पुण्याकडच्या कारखान्यातला. तिथून मी गाडीला लागूनच थेट गोंदिया जिल्ह्यातल्या बिरसी गावी आलो, रूपलालभाऊंच्या दारात. आमच्या गावावर वैमानिक शाळेची शिकाऊ विमानं दिवसभर घिरट्या घालतात. त्यांचं बरं आहे, आभाळात खड्डे नसतात! मी मात्र मागच्या डाव्या चाकाशी उभा राहून आमगाव, गोंदिया, सालेकसा असे सगळे रस्ते अंगावर झेलले. रूपलालभाऊंची लेक भूमेश्वरी शाळेत होती तेव्हा मंडईच्या जत्रेहून परतताना आईच्या मांडीवर गाढ झोपायची. मी तिला कधी जागं होऊ दिलं नाही. लोक म्हणायचे, काय गाडी आहे, पोटातलं पाणी हलत नाही! कुणी गाडीला वाखाणायचं, कुणी रूपलालभाऊंच्या हाताला. मला कुणी नाही. असो.

पुढं भूमेश्वरी लग्न होऊन सालेकशाला गेली आणि माझंही वय झालं. अंगातून तेल पाझरू लागलं. गोंदियाचा मिस्त्री खुमेंद्र गाडीखाली शिरला आणि बाहेर येऊन म्हणाला की मागचे दोन्ही शॉकअप गेले. आता बसवायचे कोणते? कंपनीचे नागपूरहून मागवावे लागतील, थांबावं लागेल. बाहेरचे जाड, कडक, दणकट शॉकअप मात्र हाताशी होते.

रूपलालभाऊंनी कडक शॉकअप बसवले आणि मग आमच्या भागातल्या माणसालाच सुचेल अशी परीक्षा घेतली. मागच्या सीटा दुमडल्या, धानाची पोती भरली आणि राईस मिलपर्यंत गाडी पळवली. गाडी तसूभर दबली नाही. मिस्त्री खूश, मालक खूश. मला जुनं लोखंड म्हणून पोत्यांच्या जागी मागं टाकलं. उभं आयुष्य गाडीखाली गेलं, आणि गाडीत बसायला मिळालं ते असं! खरं सांगतो, मला फार वाईट वाटलं.

त्याच आठवड्यात सालेकशाला जायचं होतं. भूमेश्वरीला सातवा महिना होता. ओटी भरायची आणि पहिल्या बाळंतपणासाठी लेकीला माहेरी आणायचं, असं ठरलेलं. डॉक्टरांनी प्रवासाला हो म्हटलं होतं, पण धक्के बसू देऊ नका असं बजावलं होतं. तिच्या आईनं, चमेलीबाईंनी, घरी गोधड्या धुऊन वाळवल्या होत्या, आतली खोली सारवून ठेवली होती. लेकीला आईच्या हातचंच दही खावंसं वाटत होतं, म्हणून मडक्यात घट्ट दही लावलं होतं. ते मडकं कापडानं बांधून, चुंबळीवर बसवून माझ्या शेजारी ठेवलं.

आणि निघालो. अरे बापरे! पोती नाहीत, माणसं दोनच. रिकाम्या गाडीत ते कडक गडी काही दबेनात. आमगाव मागं पडेपर्यंत मी तीनदा टपाला टेकता टेकता राहिलो. मडकं चुंबळीवर थयथय नाचत होतं. पुढं चमेलीबाई कंबर धरून बसल्या होत्या.

त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अजी, गाडी अशी काहून उडून राहिली?"

"पोती टाकून पाहिली होती ना मी. काहीच झालं नाही."

"पोत्याले कंबर असते का?"



सालेकशाला विहीणबाई रुख्मा अंगणातच उभ्या होत्या. मनानं मायाळू, पण बोलणं सडेतोड. त्यांनी मडक्याचं फडकं सोडलं. आत वर पाणी आणि खाली गोळे. रुख्माबाईंनी मडकं दोन्ही हातांनी हलवून पाहिलं, शांतपणे खाली ठेवलं आणि त्या व्याह्यांकडे वळल्या.

"इवाई, दह्याचं ताक झालं. अशा गाडीत माह्या सुनेले मी बसू देत नाही. आठवा लागायच्या आत चांगली गाडी आणा, नाही त बाळंतपण इथंच."

ओटी भरली, जेवणं झाली, पण भूमेश्वरी दारातच राहिली. डोळे पुसत हात हलवत होती.  परतीच्या वाटेवर धुतलेल्या गोधड्या चमेलीबाईंच्या डोळ्यांपुढं असणार.

दुसऱ्या दिवशी रूपलालभाऊंनी मला उचललं. वाटलं, आता भंगार. पण ते मला घेऊन थेट खुमेंद्रकडे गेले आणि मला पुढं करून म्हणाले, "हा नमुना घे. अगदी असाच पाहिजे." मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं हे पहिलं कौतुक!

नागपूरहून माल यायला वेळ लागला. चमेलीबाई रोज विचारायच्या. शेवटी माझ्यासारखेच दोन कोरे, काळे कुळकुळीत शॉकअप आले आणि गाडीला लागले. ते कडक गडी शेजारच्या कैलाशच्या गाडीला गेले. ती तशीच गाडी आहे, पण रोज धान वाहते. तिथं ते नाव काढून आहेत. ते वाईट नव्हतेच, पोत्यांसाठी जन्मलेले होते.

पुन्हा मडक्यात दही लावलं. पुन्हा माझ्या शेजारीच ठेवलं, कारण नमुना दाखवून झाल्यावर मला परत गाडीतच टाकलं होतं आणि बाहेर काढायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मी वाटभर मडक्याकडे बघत होतो. सालेकशाच्या अंगणात रुख्माबाईंनी फडकं सोडलं. साय जशीच्या तशी, एक तडा नाही. त्यांनी वाटीत दही काढून सुनेच्या हाती दिलं.

"खा माय, अन् जा," त्या म्हणाल्या. मग चपला पायात सरकवत, "थांबा, मीबी येतो. रस्ता मले पाहू द्या."

मग एकाच गाडीत लेक, आई आणि सासू, तिघी बिरसीला आल्या.

भूमेश्वरीला मुलगी झाली. बाळ झोपलं की वारा नेमका आतल्या खोलीचं दार धाडकन आपटायचा. एक दिवस चमेलीबाईंनी मला अंगणातल्या गाडीतून काढून आणलं, पुसलं आणि दाराशी टेकवून ठेवलं.

म्हणून मित्रांनो, आज घरी गेलात की गाडीखाली एकदा वाकून बघा. आमच्या अंगावर तेलाचा ओघळ दिसला तर मोठ्यांना सांगा. नवा शॉकअप घेताना गाडीत रोज कोण बसतं हेही त्यांना विचारा. आणि आता जरा हळू बोला. वारा सुटलाय, दार माझ्या अंगावर येऊन आपटतंय, आणि आत पोर झोपलंय.