नारिंगी पट्टी

लिफ्टच्या धंद्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाने स्वतःच्या गाडीचं पुस्तक एकदाही उघडू नये, याला काय म्हणावं? दिव्याखाली अंधार, दुसरं काय! या गोष्टीतले सासरेबुवा लिफ्ट दुरुस्त करायचे तेव्हा तेलाचा डबासुद्धा त्यावरच्या सूचना वाचल्याशिवाय उघडत नसत. हाताखालच्या माणसाने पुस्तक न वाचता पान्हा उचलला, तर त्याला ते दिवसभर जिने चढायला लावत. पण निवृत्त झाल्यावर हौसेने घेतलेल्या त्या लाल, दोनच सीटांच्या स्पोर्ट्स कारचं जाडजूड पुस्तक सहा वर्षं समोरच्या कप्प्यात कोरं करकरीत पडून होतं. ज्याला गाडी चालवता येत नाही त्याने पुस्तक वाचावं, असं त्यांचं मत होतं.

महिन्यातल्या एका रविवारी शहराबाहेरच्या ट्रॅकवर हौशी लोकांना आपापल्या गाड्या पळवू देत. शर्यत नाही, बक्षीस नाही, वीस-वीस मिनिटांच्या पाळ्या आणि मधल्या वेळात चहा आणि फुशारक्या. तिथे सासरेबुवांना सगळे 'बटणकाका' म्हणत. त्यालाही कारण होतं. अशा गाड्यांत स्टॅबिलिटी कंट्रोल नावाची एक राखणदारीण असते. वळणावर गाडी घसरू लागली की ती कुणाला न विचारता एखाद्या चाकाला ब्रेक लावते, इंजिनाचा जोर आवरते आणि गाडी सरळ करते. सासरेबुवा मात्र ट्रॅकवर उतरण्याआधी बटण दाबून तिला रजा देत. समोर एक पिवळा दिवा लागला की मिशीवर ताव देऊन सांगत, बटण दाबलं की गाडी आपली, तोवर ती कारखान्याची.

ज्याने ही यंत्रणा बंद केली त्याच्या काचेवर नारिंगी पट्टी लावायची, असा ट्रॅकचा नियम होता. म्हणजे बाकीचे चार हात लांब राहतात. आणि पट्टी असलेल्या गाडीत शेजारी कुणी बसायचं नाही. या पट्ट्या ट्रॅकवर देखरेख करणाऱ्या मुख्य मार्शल बाई स्वतःच्या हाताने कापून देत. त्या मोजकं बोलत आणि पट्टीही मोजूनच कापत. दर खेपेला पहिली पट्टी बटणकाकांची असे.

त्यांच्या एकुलत्या एका मुलीचा नवरा मात्र मुद्रितशोधक. दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका शोधून पोट भरणारा शांत, सावकाश माणूस. चहाच्या पुड्यावरचा मजकूरसुद्धा शेवटच्या ओळीपर्यंत वाचायचा. सासऱ्याचं मन राखायचं म्हणून तो त्यांच्याबरोबर ट्रॅकवर येऊ लागला. गाडी एकच, पाळ्या आलटून पालटून. जावई मात्र त्या बटणाला हात लावत नसे. मागच्या महिन्यात जावयाची पाळी आली, तेव्हा सासरेबुवांनी चारचौघांत काचेवरची पट्टी टर्रकन ओढून काढली होती आणि तो परतल्यावर म्हणाले होते, "जावईबापू, तुम्ही कुठे गाडी चालवत होता? गाडीच तुम्हाला चालवत होती."

सगळे हसले. जावईसुद्धा हसला. पण घरी गेल्यावर तो दोन दिवस धड जेवला नाही, हे मुलीने मागाहून फोनवर सांगितलं. त्या वेळी सासरेबुवांनी हात झटकले. गंमत कळत नाही म्हणजे काय, वगैरे. आज सकाळी त्याला घ्यायला गेले तेव्हा मुलगी दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "बाबा, त्यांना काही सिद्ध करायला लावू नका." सासरेबुवांनी मान डोलावली. मान डोलवायला काय जातंय?

सकाळची पहिली पाळी त्यांची होती. पट्टी लागली, बटण दाबलं, दिवा लागला, आणि लाल गाडी सुटली. ट्रॅकच्या टोकाला एक अगदी अरुंद वळण होतं. त्याला सगळे 'चिमटा' म्हणत. त्या चिमट्यात गाडीची मागची बाजू जराशी बाहेर जायची, पिवळा दिवा फडफडायचा, एक बारीकसा झटका बसायचा आणि गाडी पुन्हा रेषेवर यायची. सासरेबुवांना तो झटका जिवापाड आवडे. आपल्या मनगटाची करामत म्हणून गेली सहा वर्षं तो त्यांनी जपला होता. दिव्याची फडफड म्हणजे रजेवर पाठवलेल्या राखणदारणीची कुरकुर, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.

परतले तेव्हा जावई घडीच्या खुर्चीत बसून गाडीचं पुस्तक वाचत होता. हातात पेन्सिल. सवयच ती. सासरेबुवा हेल्मेट काढून पट्टीकडे हात नेणार, तेवढ्यात तो उठला.

"पट्टी राहू दे, बाबा. आज मीही बंद करूनच जाणार आहे."

सासरेबुवांना भरून आलं, खोटं कशाला सांगा. अखेर माणूस सुधारला, असंच त्यांच्या मनात आलं. त्यांनी जावयाच्या पाठीवर अशी थाप मारली की पेन्सिल खाली पडली. ती उचलता उचलता जावयाने साधेपणाने विचारलं, "पाच सेकंद तुम्ही मोजता की अंदाजाने?"

"कसले पाच सेकंद?"

जावयाने पुस्तक पुढे केलं. बटण नुसतं दाबलं की अर्धंच काम होतं, असं त्यात लिहिलं होतं. निघताना चाकं जागच्या जागी जरा फिरू दिली जातात एवढंच, घसरणारी गाडी सावरायचं काम चालूच राहतं. गाडी सावरली जात असताना दिवा फडफडतो. सगळं पुरतं बंद करायचं तर बटण पाच सेकंद दाबून धरावं लागतं, आणि मग एक नाही, दोन दिवे लागतात.

सासरेबुवांनी ती चार वाक्यं तीनदा वाचली. दोन दिवे त्यांनी सहा वर्षांत कधी पाहिले नव्हते. बटणाला त्यांनी टिचकीपलीकडे कधी वेळ दिला नव्हता. लिफ्टच्या डब्याखाली एक पकड असते. दोर तुटला तरी ती डबा जागच्या जागी धरून ठेवते, आणि आतल्या माणसाला तिचा पत्ताही नसतो. अशा कितीतरी पकडी त्यांनी स्वतःच्या हाताने बसवल्या होत्या. आतला तो बेखबर माणूस मात्र आज सापडला: ते स्वतःच. तो झटका मनगटाचा नव्हता. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण!

"अंदाजाने," ते म्हणाले. खोटं इतक्या सफाईने तोंडातून गेलं की त्यांचं त्यांनाच नवल वाटलं.

पुस्तक कप्प्यात ठेवून जावई हेल्मेट आणायला गेला. सासरेबुवा गाडीच्या दाराला टेकून उभे राहिले. लाज वाटत होतीच, पण लाजेचं नंतर बघता आलं असतं. हा माणूस पुस्तकाप्रमाणे चालणारा. तो पाच म्हणजे पाच मोजणार. दोन दिवे लावून, कधी नव्हे ती मोकळी सुटलेली गाडी घेऊन चिमट्यात शिरणार, आणि शिरताना डोक्यात एकच गोष्ट असणार: बाबांना जमतं. बाबांना जमत नव्हतं. बाबांनी ते कधी करूनच पाहिलं नव्हतं. चिमट्याच्या बाहेरच्या बाजूला लोखंडी कठडा होता आणि त्यावर वेगवेगळ्या रंगांचे ओरखडे होते.

त्यांनी आडून आडून प्रयत्न केला. टायर अजून गार असतील म्हणाले. तुम्हीच आत्ता वीस मिनिटं चालवलीत, जावई म्हणाला. आज ऊन फार आहे म्हणाले, त्यावर तो आभाळाकडे बघून नुसता हसला. शेजारी बसतो म्हणाले, तर पट्टी असताना बसता येत नाही याची त्यानेच त्यांना आठवण करून दिली. शेवटी त्यांनी सरळच सांगितलं की आजचा दिवस राहू द्या, पुढच्या खेपेला करू. तेव्हा जावयाचा चेहरा उतरला. तो इतकंच म्हणाला की तुमचा माझ्यावर विश्वास नाही हे मला माहीत आहे, आणि गाडीत बसून त्याने पट्टा आवळला.

आता सांगायचं तर खरंच सांगावं लागणार होतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. सहा वर्षं झाकलेली ही मूठ, आणि उघडायची कुणापुढे? तर ज्याच्यावर अख्ख्या ट्रॅकला हसवलं त्याच्यापुढे, आणि ज्यांना हसवलं त्यांच्यादेखत. सासरेबुवा तिथेच थांबले. पुरतं अर्धं मिनिट थांबले, हे त्यांच्या खाती मांडलंच पाहिजे. लाल गाडी रांगेत जाऊन उभी राहिली. पुढे तीन गाड्या होत्या, मग दोन राहिल्या.

मग ते निघाले. गुडघे कुरकुरत होते, तरी रांगेच्या कडेने झपाझप चालत ते गाडीसमोर जाऊन उभे राहिले आणि दोन्ही हात बॉनेटवर ठेवले. मार्शल बाई शिट्टी तोंडात धरून धावत आल्या. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. जावयाने काच खाली केली.

"बटण सोडा, जावईबापू. मी ते कधीच पाच सेकंद दाबलेलं नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे सहा वर्षं मी बंद केलंय असं समजत होतो. बंद झालंच नव्हतं. मला आत्ता कळलं, तुमच्या पुस्तकातून. जे मला येत नाही ते तुम्ही माझं बघून करायला जाऊ नका." आवाज त्यांना वाटला होता त्यापेक्षा मोठा निघाला. "आणि मघाशी अंदाजाने म्हणालो, तेही खोटं."

रांगेतल्या तीन-चार गाड्यांच्या काचा खाली आल्या होत्या. कुणीतरी फिस्सकन हसलं आणि लगेच गप्प झालं. मार्शल बाईंनी शिट्टी काढून हातात घेतली. काकांकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं.

"म्हणजे सहा वर्षं माझी पट्टी फुकट गेली," त्या म्हणाल्या आणि स्वतःच नखाने पट्टीचं टोक सोडवू लागल्या. सासरेबुवांनी त्यांना थांबवलं आणि पट्टी आपल्या हाताने काढली. या वेळी टर्रकन नाही, हळूहळू. काचेवर डिंकाची रेघ राहिली.

जावयाच्या हेल्मेटमधून फक्त डोळे दिसत होते, आणि त्यात राग आहे की काय ते सासरेबुवांना कळेना. असता तरी तो रास्तच होता. मग त्याने हात लांब करून पलीकडचं दार उघडलं.

"आता पट्टी नाही, बाबा. बसता येईल."

सासरेबुवा हेल्मेट चढवून बसले. त्या गाडीत ते कधी डाव्या-उजव्याची अशी अदलाबदल करून बसले नव्हते. मांडीवर रिकामे हात कुठे ठेवावेत ते सुचेना, म्हणून त्यांनी पट्टीची गोळी करून मुठीत धरली. बटणाला कुणी हात लावला नाही. गाडी निघाली.

पहिली फेरी सावकाश झाली. दुसऱ्या फेरीत वेग चढला. जावई ब्रेक जरा लवकर लावायचा, पण नंतर पाय असा अलगद उचलायचा की मान पुढेसुद्धा होत नसे. स्टिअरिंग तो एकदाच वळवायचा आणि तेवढंच पुरायचं. मुद्रितं तपासताना त्याची पेन्सिल जशी ओळीवरून सरकते, तशी गाडी रस्त्यावरून सरकत होती. आपण वळणात स्टिअरिंगशी झटापट करतो हे सासरेबुवांना आज, शेजारी बसल्यावर समजलं. चिमटा जवळ आला तेव्हा सवयीने त्यांचे पाय ताठ झाले आणि डोळे दिव्यावर गेले. आता फडफडेल, आता झटका बसेल.

दिवा लागला नाही. गाडी चिमट्यातून सुतासारखी सरळ बाहेर आली.

तिसऱ्या फेरीलाही नाही. पाचव्या फेरीला समोरच्या घड्याळात त्यांनी फेरीची वेळ पाहिली. सकाळच्या त्यांच्या वेळेहून ती दोनच सेकंदांनी जास्त होती. आणि त्यांच्या स्वतःच्या एका फेरीत हा दिवा निदान पाच-सहा वेळा तरी फडफडत असणार. सहा वर्षं ती राखणदारीण त्यांच्यासाठी राबत होती, आणि या माणसासाठी तिला एकदाही उठावं लागलं नव्हतं.

पाळी संपली. बाकीची मंडळी गाड्या थांबतात तिथे चहाचे कप घेऊन उभीच होती. बटणकाकांची आज मजा घ्यायची म्हणून कुणी जागचं हललं नव्हतं. जावयाने इंजिन बंद केलं, हेल्मेट काढलं आणि घाम पुसत विचारलं, "दिवा किती वेळा लागला, बाबा? माझं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं."

सासरेबुवा खाली उतरले. दाराला धरून जरा उभे राहिले. त्यांना फार वाईट वाटत होतं, आणि त्याहून जास्त बरं वाटत होतं. मग जावयाकडे न बघता, मागच्या महिन्यात जे हसले होते त्या सगळ्यांकडे बघत त्यांनी उत्तर दिलं.

"एकदाही नाही. मागच्या खेपेला मी बोललो होतो ना, गाडीच माणसाला चालवते म्हणून? तो माणूस मी."

या खेपेला कुणी हसलं नाही. मुठीतली नारिंगी गोळी त्यांनी मार्शल बाईंच्या हातावर ठेवली, कप्प्यातून पुस्तक काढलं आणि घडीच्या खुर्चीत बसून पान एकपासून वाचायला घेतलं. थोड्या वेळाने त्यांनी जावयाकडे पेन्सिल मागितली.