बाणाचा उजेड

"तुम्ही चोर आहात," हेल्मी सारेला म्हणाली, आणि माइकची मान धरून तिने ती खाली आपल्या तोंडाशी ओढली. "टेबलामागे बसलेले सगळे. मधले साहेब धरून."

शाळेच्या व्यायामशाळेतल्या घडीच्या खुर्च्या करकरल्या. मागच्या ओळीत कुणीतरी हसू खोकल्यात लपवलं. टेबलामागे वन्यजीव मंडळाची माणसं होती. राजधानीहून गाड्या करून आलेली, कडक इस्त्रीची. वर्षातून एकदा ती अशी गावोगाव फिरत आणि लोकांचं ऐकून घेत. ऐकून घेत म्हणजे बोलणारा दमेपर्यंत कळ काढत.

"बाई, आजचा विषय बाणावरच्या दिव्याचा आहे," मधले साहेब म्हणाले. "बंदी ठेवायची की उठवायची. त्यावर बोला."

"त्यावरच बोलतेय. त्याच दिव्यापायी माझ्या नवऱ्याचं शेवटचं हरीण तुम्ही उचलून नेलंत."

दिवा तो केवढा? काडेपेटीच्या काडीच्या गुलाएवढा. बाणाच्या शेपटीला धनुष्याची दोरी बसवायला प्लास्टिकची खाच असते, तिच्या पोटात तो बसवलेला. दोरी सुटली की तिच्या धक्क्याने खाच जराशी आत सरकते आणि दिवा लागतो. मग बाण जिथे जाईल तिथे लाल ठिपका जातो. हरणाला कुठे लागला ते कळतं, आरपार जाऊन गवतात पडला तर सापडतो. मंडळाचं म्हणणं असं की बाणावर वीज म्हणजे जनावरावर अन्याय. आता बाण एकदा सुटला की जनावराचं जे व्हायचं ते ठरलेलंच असतं. दिवा त्यानंतर लागतो. तो मारायला मदत करत नाही, मारलेलं शोधायला करतो. हे ज्याने एकदा तरी रक्ताचा माग काढलाय त्याला सांगावं लागत नाही. टेबलामागच्यांना सांगावं लागत होतं, आणि सांगूनही त्यांच्या टाळक्यात शिरत नव्हतं.

ओन्नी सारेलाचे डोळे मधूनच गेले होते. मधूनच म्हणजे अक्षरशः मधून. समोर बघितलं की समोरचं गायब, कडेकडेचं तेवढं शाबूत. बायकोचं तोंड बघायचं तर तो कोंबडीसारखी मान वाकडी करून तिच्या कानाच्या पलीकडे बघायचा.

"आता मी देखणी दिसते का रे तुला?" हेल्मी विचारायची.

"तुझा कान देखणाच होता पहिल्यापासून," तो म्हणायचा.

त्या शेवटच्या हरणाच्या आदल्या शरद ऋतूत त्याने एक मादी मारली आणि हरवली. बाण कुठे लागला ते त्याला दिसलं नव्हतं. लागल्याचा आवाज तेवढा आला. बरगडीत लागला असेल तर अर्धा तास थांबून मागावर निघायचं. पोटात लागला असेल तर घरी परतायचं आणि सकाळी यायचं, कारण पोटात लागलेलं जनावर लगेच हुसकलं तर मैलोगणती पळतं आणि मिळत नाही. हे त्या मुलखातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. ओन्नीने बरगडी धरली आणि चुकला. पुढे डोमकावळ्यांनी मादी दाखवली, तोवर खाण्यासारखं काही उरलं नव्हतं. ओन्नीने त्या दिवशी वाफेच्या स्नानाचा सौना तापवलाच नाही. धनुष्याची दोरी उतरवली आणि ते कपाटावर ठेवून दिलं.

"बाण कुठे गेला ते ज्याला कळत नाही, त्याने तो सोडू नये," एवढंच म्हणाला. त्यानंतर हा माणूस कुठे बसायला गेला तर लोकांच्या शिकारीच्या गोष्टी ऐकायचा आणि स्वतः गप्प. गप्प ओन्नी म्हणजे काय, हे हेल्मीलाच ठाऊक. घरातलं घड्याळ बंद पडावं तसं.

मग कधीतरी उन्हाळ्यात त्याला त्या दिव्याचं कळलं. त्याने टपालाने मागवला.

"अरे, बंदी आहे त्याला," हेल्मी म्हणाली.

"आंधळ्यांनी केलेला नियम आंधळ्याने मोडला तर बिघडलं कुठे?" तो म्हणाला. "लाल रंग मला कडेने दिसतो, हेल्मी. गाड्यांचे मागचे दिवे दिसतात. हे दिसेल."

त्याच्या घरातले बाण हेल्मीच करायची. पिसं चिकटवायची, टोकं बसवायची, खाचा घट्ट करायची. लग्नाआधी वडिलांचे करायची, लग्नानंतर याचे. नवी खाच ओन्नीच्या जुन्या बाणाच्या ॲल्युमिनियमच्या नळीत सैल बसत होती. बाण उलटा धरला की निसटून पडे. सैल खाचेवर इलाज एकच, तो तिला झोपेतही करता आला असता. खाचेच्या दांड्याला मेणाचा दोरा गुंडाळायचा, वर गोंदाचा थेंब सोडायचा, दाबून बसवायची. तिने तसं केलं. बोटाने ओढून पाहिली. हलेना. चांगलं झालं, म्हणाली स्वतःशी.

ऑक्टोबरात ते दोघं देवदारांच्या दलदलीकडच्या लपणात जाऊन बसले. तिच्या मांडीवर कॉफीचा थर्मास आणि वेलदोड्याचा पाव. दिवस कलला. गवतावर करडा उजेड राहिला, त्यात कडेने एक नर बाहेर आला. शिंगं बेताची, मान जाड. हेल्मीने नवऱ्याच्या गुडघ्यावर बोट ठेवलं. त्याने मान वळवली, डोळ्यांच्या कोपऱ्यात हरीण धरलं. धनुष्य ओढताना त्याचे हात थरथरले नाहीत. ते डोळे जाण्याच्या आधीचे होते, त्यांना आपलं काम येत होतं.

दोरी वाजली. धप्प आवाज आला. हरीण उसळलं आणि झाडीत शिरलं.

हेल्मीला काहीच दिसलं नाही. ना लाल, ना काळं. तिचे डोळे धडधाकट, आणि ती नेमकी तिकडेच बघत होती.

ओन्नीने तिचा हात इतका दाबला की अंगठी रुतली.

"पाहिलास? पाहिलास ना? लाल! निखारा गेल्यासारखा. खांद्याच्या मागे, बरगडीत. बरोबर तिथे!"

ती त्याच्याकडे बघत राहिली. त्याने तिच्या कानापलीकडे नजर लावली होती आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं, जे तिने वर्षभर त्या तोंडावर पाहिलं नव्हतं.

"पाहिला," ती म्हणाली.

मग थांबणं आलं. त्याने पाव मजेत खाल्ला, तिने ओतलेली कॉफी थर्मासमध्ये परत घातली. हा म्हणतो बरगडी. त्याला दिसलंच नसेल तर? पोटात लागला असेल तर? हे दुसरं हरीण हरवलं, तर हा माणूस परत बोलणार नाही.

ती बॅटरी घेऊन पुढे निघाली, तो तिच्या कोटाचं टोक धरून मागे. पहिलं रक्त पानावर सापडलं. तिने वाकून बघितलं. गुलाबी, फेसाळ. फुप्फुसाचं. तिने तिथेच ओल्या शेवाळावर गुडघे टेकले.

"काय गं? पडलीस?"

"पाय घसरला."

हरीण दगडफेकीच्या अंतरावर पडलेलं होतं. बाण आरपार जाऊन त्याच्या अलीकडे मातीत रुतलेला. तिने उपसला. शेपटीशी मिट्ट काळोख. अंगठ्याने खाच दाबून पाहिली, आत जाईना. तिचाच दोरा, तिचाच गोंद. दोरीच्या धक्क्याने खाचेने सरकायला हवं होतं, आणि हेल्मीने आयुष्यभराच्या सवयीने तीच गच्च बसवून ठेवली होती.

बाण कुठे लागला ते ओन्नीच्या हातांना कळलं होतं. दिवा त्याच्या डोक्यात लागला होता.

रस्त्याशी वनरक्षकाची गाडी उभी होती. रसेल बेलांजे, गावातलाच. त्याची आई चर्चच्या गाण्यात हेल्मीच्या शेजारी उभी राहायची. त्याने परवाना पाहिला, हरणाची तारीफ केली, बाण हातात घेतला, आणि त्याचा चेहरा पडला.

"ओन्नी, ही दिव्याची खाच आहे."

"आहे!" ओन्नी म्हणाला. "आणि कशी पेटली म्हणून सांगू पोरा! या डोळ्यांनी पाहिली. वर्षभरात या डोळ्यांनी दुसरं काही धड पाहिलेलं नाही."

रसेलने खाच दाबली. पुन्हा दाबली. दिव्याखाली धरून दोरा पाहिला, गोंद पाहिला. तोही त्याच मुलखातला. त्याला कळायला वेळ लागला नाही.

"सारेलाबाई," तो हळूच म्हणाला, "हा पेटलेला वाटत नाही. न पेटणारा दिवा म्हणजे नुसतं प्लास्टिक. तसं असेल तर मी काही बघितलं नाही, तुम्ही घरी जा. तुम्ही सोबत होतात. तुम्ही सांगा."

"पोरा, डोळे तपासून घे," ओन्नी हसला. "आंधळा मी, आणि दिसत नाही तुला! सांग गं त्याला."

त्याचा एक हात हरणाच्या मानेवर होता. मान वाकडी करून तो तिच्या उत्तराकडे बघत होता.

"पेटला," हेल्मी म्हणाली. "डोळे दिपले माझे."

"बाई, नीट विचार करून सांगा."

"विचार करूनच सांगतेय. लिही."

हरीण गेलं. धनुष्य गेलं. पुढच्या हंगामाचा परवाना गेला. वाट्याला आलेलं कर्तव्य करताना रसेलने दोनदा माफी मागितली, ती ओन्नीने मोठ्या मनाने दिली. सौना तापवल्यावर जो शेजारी येईल त्याला ओन्नी वाफेत बसून सांगायचा, निखारा गेला, बरगडीत, बरोबर तिथे. ऐकणारे मान डोलवायचे. हेल्मी तापल्या दगडांवर आणखी पाणी ओतायची. त्या हिवाळ्यात ते दुकानातलं गोमांस खात होते, आणि ओन्नी दर घासाला म्हणायचा, हे गवताचं नाही, पुठ्ठ्याचं आहे. पण बोलत होता. बर्फ वितळायच्या आत तो गेला. जाईपर्यंत बोलत होता.

"तुमच्याबद्दल आम्हाला सहानुभूती आहे," मधले साहेब आता म्हणाले. शेजारच्या तरुणाने त्यांच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं होतं. "पण दिवा पेटला होता, असं तुम्ही स्वतःच वनरक्षकाला सांगितलंत."

"सांगितलं."

"मग?"

"पेटला नव्हता."

भिंतीला टेकून उभ्या असलेल्या रसेलने टोपी काढली आणि तो टोपीच्या आत बघत राहिला.

"पेटला नव्हता तर तसं सांगायचं होतं, बाई," साहेब म्हणाले. आवाजात समजूत होती, लहान मुलाला घालतात तशी. "हरीण तुमच्याकडेच राहिलं असतं. यात मंडळाची काय चूक?"

हेल्मीने माइक दोन्ही हातांत धरला.

"तुमचा नियम नसता तर तो प्रश्न मला कुणी विचारला नसता. तुम्ही तो विचारायला लावलात, त्याच्यादेखत. तो माझ्या शेजारी उभा होता, साहेब. लग्न झालंय तुमचं?"

"त्याचा इथे संबंध नाही."

"धरा, तुमच्या बायकोचे डोळे गेलेत. ती म्हणतेय मला दिसलं, आणि वर्षाने पहिल्यांदा हसतेय. आणि सरकारी माणूस येऊन तुम्हाला विचारतोय, हिला खरंच दिसलं का हो? ती ऐकतेय. तुम्ही काय सांगाल?"

साहेबांनी समोरचा कागद सरळ केला. "पुढचं नाव पुकारा."

नाव पुकारलं गेलं. पुढचा माणूस, दाढीवाला धिप्पाड एस्को, जागचा हलला नाही. त्याने हाताची घडी घातली.

"माझा वेळ बाईंना द्या," तो म्हणाला.

"मी उभी आहे," हेल्मी म्हणाली. "सांगा. काय सांगाल?"