गजेंद्रचं पात्र

दर रविवारी दुपारी आमच्या वरच्या खोलीत तीन माणसं चटईवर बसून खोटं बोलतात आणि मी त्यांना मार्क देते. पांढुर्ण्यात या खेळाला अजून नाव मिळालेलं नाही. माझ्या सासूबाई, केसरबाई, त्याला 'ते वरचं' म्हणतात. मी एका राज्याची गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातलं एकेक पात्र व्हायचं, आणि पात्राने जे करायला घेतलं ते जमलं की फसलं हे वीस बाजूंच्या फाशाने ठरवायचं. राक्षस, किल्ले, जादू, सगळं असतं. नागपूरला नोकरीत असताना मी हा खेळ शिकले आणि लग्न करून इथे आले तेव्हा सामानाबरोबर घेऊन आले.

खेळणारे घरचेच. माझा नवरा विनायक, पांढुर्णा जिल्हा झाल्यापासून नव्या कचेरीत बाबू. त्याची बहीण हिमानी, शाळेत गणित शिकवते. आणि तिसरा गजेंद्र. तो पुलापलीकडे सावरगावात राहतो, संत्र्याच्या पेट्या भरून गाड्या रवाना करतो, आणि एकोणीस दिवसांनी हिमानीचा नवरा होणार होता.

हे लग्न ठरायला दोन वर्षं लागली. जात, पत्रिका, शिक्षण, सगळं जुळत होतं. अडलं होतं ते सावरगावावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी जाम नदीच्या एका काठावरून पांढुर्णा आणि दुसऱ्या काठावरून सावरगाव एकमेकांना दगड मारतात. नदीत पळसाचं झाड रोवलेलं असतं, त्यावर झेंडा, आणि भांडण त्या झेंड्यासाठी. याला गोटमार म्हणतात. डोकी फुटतात, आणि आठ दिवसांत तेच लोक एकमेकांच्या घरी चहा पितात. सहा वर्षांपूर्वी विनायकचा धाकटा भाऊ अंकुर त्यात गेला. एकोणीस वर्षांचा होता.

दगड कोणाचा, हे कोणी विचारलं नाही. इथे विचारत नाहीत. दगड नदीचा असतो, देवीचा असतो, कोणाच्या हातचा नसतो. मी सौंसरची, बसने फार लांबची नाही, पण या बाबतीत परकीच. मला ही शुद्ध पळवाट वाटायची आणि मी विनायकला तसं तोंडावर बोललेही होते. तो एवढंच म्हणाला, "विचारलं असतं तं गाव राह्यलं असतं का?" शेवटी सासूबाई जामसांवलीच्या मारुतीला जाऊन आल्या, दोन दिवस गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "होऊ द्या. पोरगी खुश आहे ना." तेव्हा कुठे तारीख निघाली. आता पुन्हा काही आडवं येऊ नये, एवढंच आम्ही सगळे धरून होतो.

गजेंद्र माणूस म्हणून लाख मोलाचा, पण खेळात अगदीच ढ. हिमानीची चोरटी बाई होती, लोकांच्या सावल्या चोरणारी. विनायकचा वैद्य होता, एका पायाने लंगडा आणि त्याबद्दल दर वेळी वेगळी थाप मारणारा. गजेंद्रचा होता वीरसिंग.

"वीरसिंगला भीती कशाची वाटते?" मी विचारायची.

"कशाचीच नाई वहिनी. वीर आहे ना तो."

"मग त्याला हवं काय?"

"तलवार."

"ती आहे त्याच्याकडे."

"मंग मोठी तलवार."

हिमानी हसून लोळायची. मला मात्र राग यायचा. एवढा समोर बसलेला हाडामांसाचा माणूस, आणि पात्र आणतो ते कॅलेंडरवरच्या चित्रासारखं. शेवटी मी त्याला एका कागदावर तीन प्रश्न लिहून दिले. त्याला काय हवं आहे? तो कशाला भितो? आणि त्याने असं काय केलं आहे जे आजवर कोणालाच सांगितलेलं नाही? "तिसऱ्याचं उत्तर खरं वाटलं नाही," मी बजावलं, "तर पुढच्या रविवारी या खोलीत पाय ठेवायचा नाही."

"होणाऱ्या जावयाले असं बोलते का कोणी?" हिमानी म्हणाली.

"जावई खाली. इथे सगळे माझे विद्यार्थी."

पुढच्या रविवारी तो आला. आंबिया बहाराच्या तोडणीची घाई होती, त्याच्या हातांना संत्र्याच्या सालीचा वास येत होता आणि डोळे लाल होते. खिशातून त्याने चार घड्या घातलेला कागद काढला. दोन्ही बाजूंनी बॉलपेनने गच्च लिहिलेला. मी मनात म्हटलं, चला, लागला मार्गाला.

"नाव?"

"नाव नाई ठेवलं. गोफणवाला आहे. किल्ल्याच्या भिंतीवर उभा राहते." तो वाचायला लागला. "खाली दरी आहे. दरीत खांब, खांबावर झेंडा. पल्याडचे पोट्टे झेंडा न्याले येतेत, हा वरून दगड मारते. दरसाली. रिवाज आहे त्यायचा."

मी तेव्हाच थांबायला हवं होतं. पण मला आनंद झाला. माणूस आपल्या अंगणातलं उचलतो तेव्हाच जिवंत लिहितो, हे मीच त्यांना शंभरदा सांगितलं होतं. मी विनायककडे एकदा पाहिलं. तो फासा बोटांत फिरवत होता, चेहऱ्यावर काही नव्हतं. चालतंय, असं मी ठरवून टाकलं.

"आणि कोणाला न सांगितलेली गोष्ट?"

"एक पोट्टा मेला त्याच्या दगडानं."

"एवढ्याने नाही भागणार गजेंद्र. लढाईत माणसं मरतातच. मला ते दिसलं पाहिजे. याने नेमकं काय पाहिलं?"

त्याने कागद खाली ठेवला. पुढचं तो न वाचताच बोलला.

"त्या पोट्ट्याच्या पायात बूट होते. मोठे. त्याच्या मापाचे नव्हते. वापस पळता पळता एक बूट गाळात फसला. तो काढाले तो वाकला."

"वा!" मी म्हणाले. हो, मी 'वा' म्हणाले. "हे आहे बघ पात्र! मग?"

"वाकला तं डोकं खाली आलं. दगड तं हातातून निघाला होता."

"मग याने काय केलं?"

"काई नाई. त्याले उचलून घेऊन गेले सगळे. ऊन कललं, गर्दी पांगली, मंग हा खाली उतरला. बूट तिथंच होता गाळात. यानं काढला, धुतला, घरी नेला. अजून आहे त्याच्यापाशी."

"कोणत्या पायाचा?"

हे मी नाही विचारलं. हिमानीने विचारलं.

"डाव्या," गजेंद्र म्हणाला.

आमच्या माळ्यावर पिशवीत बांधलेला एक उजव्या पायाचा बूट आहे. पांढरा, कापडी, विनायकचा. त्या दिवशी सकाळी अंकुरच्या चपलेचा अंगठा तुटला म्हणून तो मोठ्या भावाचे बूट घालून नदीवर गेला होता. घरी आणला तेव्हा एक पाय उघडा होता. उचलून आणताना वाटेत कुठे पडला असेल, असंच सगळे धरून चालले. लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी साफसफाईत तो फेकायला काढला, तेव्हा कधी आवाज न चढवणाऱ्या सासूबाई माझ्यावर ओरडल्या होत्या. बूट मोठे होते, हे घराबाहेर कोणाला माहीत नव्हतं.



"नेम धरला होता त्यानं?" हिमानीने विचारलं. ती गणिताचा प्रश्न विचारावा तशी विचारत होती, सरळ, न अडखळता.

"हाव. पायावर."

"मंग?"

"मंग तो वाकला."

मला गजेंद्रच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. दोन वर्षं हा माणूस आमच्या घरी पोहे खात होता. सासूबाईंना जामसांवलीला त्यानेच त्याच्या गाडीतून नेलं होतं. हिमानीच्या मागे तो प्रेमाने आला की तो बूट परत करायला, हे त्याचं त्याला तरी ठाऊक असेल का? आणि लगेच दुसरा विचार आला, जो मला जास्त लागला. मी विचारलं नसतं तर तो कधीच बोलला नसता. सहा वर्षं या अख्ख्या गावाने त्याला हे बोलायला जागा दिली नाही. मी दिली, तीन प्रश्नांचा कागद हातात ठेवून, वर पाय ठेवू न देण्याची धमकी देऊन.

"प्राजक्ता, पुढं घे," विनायक म्हणाला. कचेरीच्या खिडकीतून बोलावा तसा कोरडा आवाज. "खेळ आहे. पुढं घे."

"थांब दादा." हिमानी माझ्याकडे वळली. "वहिनी, तू सांग. तुले तं समजते ना लगेच. पटलं का हे पात्र? खरं वाटलं?"

मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरलेले नव्हते. ती विचारत नव्हतीच, ती मागत होती. खाली सासूबाई लग्नाचे तांदूळ निवडत होत्या, सुपाचा आवाज वर येत होता. मी हो म्हटलं असतं तर ते बोलणं खेळातून बाहेर आलं असतं, आणि मग विनायकला भाऊ म्हणून काहीतरी करावं लागलं असतं, हिमानीला जिना उतरून आईला सांगावं लागलं असतं. गजेंद्रही माझ्याकडेच बघत होता. त्याला हवं होतं ते नेमकं उलटं. त्याला कोणीतरी हो म्हणायला हवं होतं, मग पुढे काहीही होवो.

"नाही," मी म्हणाले. "नाही पटलं."

आणि मी पडले मास्तरीण, नुसतं नाही म्हणून थांबते कशी! कारणंही दिली. "बुटाचं जास्त झालं. मुद्दाम रडवायला ठेवल्यासारखं वाटतं. आणि मारणारा माणूस दुसऱ्याचा बूट सहा वर्षं घरात ठेवत नाही. फेकून देतो."

सहा वर्षं, हे तो बोललाच नव्हता. चौघांच्याही ते लक्षात आलं आणि चौघांपैकी कोणी काही बोललं नाही.

हिमानीने श्वास सोडला. "मलेबी नाई पटलं," ती म्हणाली.

गजेंद्र आळीपाळीने आम्हा दोघींकडे बघत राहिला. मी जे मागितलं तेच त्याने आणलं होतं, जसंच्या तसं. इतकं खरं मला आयुष्यात कोणी आणून दिलं नव्हतं आणि मी त्याला नापास केलं. मला माझीच किळस आली, पण शब्द मागे घ्यावेत असं क्षणभरही वाटलं नाही. तेच सगळ्यात वाईट होतं.

"मंग परत लिहू का वहिनी?" त्याने विचारलं.

विनायकने हातातला फासा चटईवर ठेवला.

"लिही," तो म्हणाला. "लग्न झाल्यावर आण. घाई नाई."

तेव्हा गजेंद्र रडायला लागला. मोठी माणसं तोंड लपवून रडतात तसा नाही, तोंड उघडं टाकून, मोठ्याने. आणि आम्हा तिघांना एकदम खूप कामं निघाली. विनायक उठून दुसऱ्या टोकाकडून चटई गुंडाळू लागला. मी कागद गोळा केले, पेन्सिली डब्यात भरल्या, एक पेन्सिल उगाच टोक करून ठेवली. हिमानीने कपबशा उचलल्या. त्याच्या खांद्यावर कोणी हात ठेवला नाही.

खालून सुपाचा आवाज थांबला. "काय झालं वं पोरी?" सासूबाईंनी हाक मारली. "कोण रडून राह्यलं?"

हिमानी कपबशा घेऊन जिन्यात थांबली.

"काई नाई आई," ती म्हणाली. "ते खेळात हरले."