मारिया निवडून आली तिसऱ्या खेपेला

१९९४ साली मी कुवेतच्या राई भागातल्या एका बांधकाम कंपनीत टायपिस्ट होते. मारिया तिथे कामगारांच्या सोयी बघायची. ती अमेरिकन, पण घरची बोली स्पॅनिश. आजोबा मेक्सिकोतून शेतमजुरीला आलेले. 'विशाखा' तिला कधी जमलं नाही. मला 'बिशाका' म्हणायची.

त्या ऑगस्टमध्ये कंपनीच्या सुलैबियातल्या कामगार-कॅम्पमध्ये माणसं एकामागून एक आजारी पडायला लागली. मारिया मला दुभाषी म्हणून घेऊन गेली. देवगडकडचा पुंडलिक प्लंबर पाण्याचा पेला पुढे करत मला म्हणाला, "वयनी, तिका सांगा, ह्यां पाणी एकदा पिऊन बघ."

पाणी गंजाने तांबूस झालेलं, कढत. मी तिचा हात धरेपर्यंत मारियाने पेला रिकामा केला होता.

तिने रिपोर्ट लिहिला. मॅनेजरने तो मागे घ्यायला सांगितलं, ती ऐकेना. मग त्याने मला बोलावलं. "कॅम्पमध्ये काय ऐकलंस?"

"नीट आठवत नाही," मी म्हणाले.

महिन्याभरात मारियाची नोकरी गेली. कॅम्पवर पाण्याची नवी टाकी आली, पण मारिया गेल्यावर. निरोप घेताना मी रडले, माफी मागितली. ती म्हणाली, "तुझा आणि तुझ्या नवऱ्याचा इकामा, इथे राहायचा परवाना, त्यांच्या हातात आहे. मला फक्त घरी पाठवताहेत. म्हणून बोलायचं काम माझं होतं."

मग अमेरिकेहून तिची पत्रं यायला लागली. शाळेत शिकवत ती राज्याच्या विधिमंडळासाठी उभी राहिली. ९६ साली पडली. ज्या मजुरांसाठी ती उभी होती, त्यांतल्या निम्म्यांना नागरिकत्व नसल्याने मताचा हक्कच नव्हता. ९८ साली पुन्हा पडली. या वेळी तिच्याच लोकांनी विचारलं, "तुझी पोरं कोण बघणार?" २००० साली नव्वद मतांनी निवडून आली. पुंडलिकने खैतानहून जिलबी आणून कॅम्पभर वाटली. "आमची मॅडम आमदार झाली!"

शेतात राबणाऱ्यांना पिण्याचं पाणी आणि सावली मिळावी, असं विधेयक तिने मांडलं. दोनदा फेटाळलं गेलं. तिसऱ्यांदा मंजूर झालं, पण लहान शेतांना वगळून. तिने लिहिलं, 'अर्धाच कायदा झाला, बिशाका. लहान शेतावरची माणसं भेटली की विचारतात, आमचं काय? मी खाली बघते.'

२००६ साली कुवेतच्या बायका पहिल्यांदाच संसदेसाठी मत देणार होत्या, उभ्याही राहणार होत्या. एका महिला संघटनेने मारियाला बोलावलं. बारा वर्षांनी मी तिला पाहिलं. केस पांढरे झालेले, गुडघे दुखत होते. कॉलेजात शिकवणारी लैला उमेदवार होती. तिने प्रचार कसा करायचा ते विचारलंच नाही.

"हरल्यावर दुसऱ्या दिवशी काय केलंस?"

मारिया हसली. "पहिल्यांदा? दार लावून पडून राहिले. दुसऱ्यांदा लोकांच्या दारी गेले."

निकाल लागला, एकही बाई निवडून आली नाही. लैलाही पडली. मारियाचं विमान दुसऱ्या दिवशी संध्याकाळी होतं. सकाळीच लैलाचा फोन आला, "गाडी काढतेय. येता का दोघी?"

तिसऱ्या घरी एका म्हातारीने लैलाला उंबऱ्यातच झापलं. "आता आलीस होय? मत तर मी नवऱ्याने सांगितलं त्याला देऊन बसले. आधी कुणी विचारायला तरी आलं का?"

लैलाचा चेहरा पडला. तिने मारियाकडे बघितलं. चपला काढून, गुडघा धरत मारिया सरळ आत जाऊन बसली.

मग लैलाही बसली. "खाला, चुकलं माझं," ती म्हणाली. "तुम्हाला काय विचारायला हवं होतं, ते आता सांगा."

म्हातारीने सुनेला हाक मारून चहा टाकायला सांगितला, आणि बोलायला लागली. दुपारची अजान झाली तरी तिचं संपलं नव्हतं.